पाठीवरचं तेल

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची, म्हणजे एकाहत्तरची गोष्ट. देवळाली प्रवराच्या शिवारात पाटाच्या पाण्यावर आमची कपाशी होती. तिच्यावर मारायच्या एन्ड्रिनला घरात सगळे ‘औषध’च म्हणत. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी येऊन तेच पुन्हा शिकवायचे, तेही फुकट. ते विष आहे हे सांगून सांगून तोंड दुखायचं.

फवारणीच्या दिवशी सासूबाई धाकट्या दिरांना उघडं बसवून पाठीला, दंडांना करडईचं तेल चोळायच्या. पाठीवरचा पंप गळायचा, औषध अंगाला लागू नये म्हणून हा बंदोबस्त. मी म्हणायचे, "आत्याबाई, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो. हे विष तेलात विरघळतं आणि त्या पापुद्र्यातून सरळ आत जातं."

"मिरच्या कुटताना हाताला त्याल लावतो, ते काय येडं म्हणून?" त्या विचारायच्या. दीर हसायचे, "वहिनी, शाळा सुटली." मग मी मुकाट्याने भाकरी थापायला बसायचे. रोज कोण भांडणार?

भाद्रपदात एका दुपारी फवारता फवारता दीर बांधावर कोसळले. हातपाय झटके देत होते, दातखीळ बसली होती. सासूबाई तुपाची वाटी घेऊन धावल्या. विषावर दूध-तूप, एवढंच त्यांना ठाऊक. मी वाटी हिसकावली, दिरांचे भिजलेले कपडे फाडून काढले आणि त्यांना साबणाने धुतलं. मग जीप करून नगरचा दवाखाना. तिथे बसून बसून कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी झटके थांबले आणि दिरांनी पाणी मागितलं.

बाहेरच्या बाकावर सासूबाईंनी माझा हात धरला. "त्याल चोळलं हुतं म्हणून वाचला माझा ल्योक. न्हाई का गं?"

मला हो म्हणायचं होतं. इतकी दमले होते, की कुणी काहीही विचारलं असतं तरी हो म्हणाले असते. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता कुठे जीव आला होता. पण अर्धी कपाशी अजून राहिली होती, आणि पुढच्या फवारणीला त्या माझ्या नवऱ्याला तेल चोळायला बसवणार होत्या.

"नाही, आत्याबाई. तेलानंच ते विष आत गेलं."

त्यांनी माझा हात सोडला. मग दिरांच्या खोलीच्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आता मी त्याला हात लावला तर चालंल का?"