केरबानं पास केलेली गाडी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक बढाई जुनीच होती : माणूस सोडून इथं सगळं बनतं. केरबा मिस्त्री त्या बढाईवर जगला. कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग मोडून आणा, दोन दिवसांत तो ओतून, लेथवर कातून तसाच्या तसा हातात ठेवायचा आणि वर म्हणायचा, कंपनीपेक्षा बरा झालाय. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. त्या खरेपणानंच त्याचा घात केला.

त्याची दुसरी कीर्ती कानाची. जुनी गाडी घ्यायची तर आपला मिस्त्री बरोबर न्यायचा आणि त्यानं मान हलवली तरच इसार द्यायचा, ही कोल्हापूरची रीत. केरबा बॉनेट उघडायचा, लांबलचक डिसमिसचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. दलाल, गिऱ्हाईक, बघे, सगळे चिडीचूप. मग केरबा एक तर 'चालतंय' म्हणायचा, नाहीतर 'निघा'. गडमुडशिंगीपासून मलकापूरपर्यंत त्यानं अशा शे-दीडशे गाड्या पास केल्या होत्या आणि दलालाचा चहासुद्धा कधी घेतला नव्हता.

त्याची थोरली बहीण आक्का हुपरीला दिलेली. पंचाऐंशी साली केरबाला पहिला लेथ घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा तिनं अंगावरचा चांदीचा कमरपट्टा मोडला होता. नवरा गणपतराव तेव्हा चकार शब्द बोलले नाहीत. पुढं त्यांचा घरातला पैंजणांचा धंदा वाढला, बारा माणसं कामाला बसू लागली, आणि त्यांनी आक्काला पहिल्यापेक्षा जाड कमरपट्टा करून दिला. देवमाणूस. पण देवालाही रथ लागतोच. लग्नकार्यात लोक गाडी बघून खुर्ची देतात आणि आपली जुनी जीप बघून आपल्याला खांबाआड बसवतात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

दोन हजार तीन साली त्यांनी पुण्यातली एक गाडी ठरवली. परदेशी, काळी, उंच, पाच वर्षं वापरलेली, एका बिल्डरची. कातडी सीटा, स्टिअरिंगला लाकूड, आणि किंमत नव्या जीपएवढी. केरबाला घेऊन ते दलालाच्या आवारात गेले. दलाल हात जोडून म्हणाला, मिस्त्री, तुमच्या कानापुढं आम्ही काय बोलणार.

केरबानं डिसमिस टेकवलं. आठ सिलिंडरचं इंजिन त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. इतका एकसारखा, इतका मऊ आवाज की गरजेपेक्षा जास्त वेळ तो डोळे मिटून उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला हाव सुटली. असली गाडी आपल्या शेडमध्ये उभी राहावी, आपण तिला हात लावावा, एवढीच त्याची हाव, पण हावच ती. मूठ कानावरून काढून तो वळला.

"घ्या दाजी. डोळं झाकून घ्या. मी हाय न्हवं."

सहा महिने गणपतरावांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. भावकीतल्या प्रत्येक नवरदेवाला तीच गाडी लागायची. पेट्रोल अर्थातच गणपतरावांचं, आणि ती लिटरला चार किलोमीटरवर ठाम होती. मग एका सकाळी ती दारात डाव्या अंगावर बसली, म्हैस बसावी तशी. स्प्रिंगांच्या जागी तिला हवेचे फुगे होते, त्यातला एक गेला होता. नव्या फुग्याची मुंबईतली किंमत ऐकून केरबानं सरळ चारही काढले आणि स्प्रिंगा घडवून बसवल्या. गाडी उभी राहिली, पण आत बसलं की बैलगाडीची आठवण यायची. पुढं एसी गेला, काचा अडकल्या, चार टायरांच्या पैशात एक फटफटी आली असती. असली गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या भागांची उतरत नाही. हे एवढं साधं वाक्य त्या दलालाच्या आवारात कुणीच उच्चारलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं नाकच गळून पडायची वेळ आली.

आणि मग गिअरबॉक्स गेली. केरबानं ती उघडली. आत तारा, पाकळ्या, मुंगीच्या डोक्याएवढी भोकं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उघडलेली वस्तू त्याला नीट मिटता आली नाही. सामान मागवायला पैसे लागले, तेव्हा गणपतरावांनी धंद्यातलं चांदीची तार ओढायचं मशीन विकलं. दुसऱ्या खेपेला आक्काचा नवा कमरपट्टा गेला. बारापैकी सात माणसं कमी झाली. आठ महिने गाडीनं शेड अडवली, केरबाची बाकीची गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली, मजुरीचा एक रुपया त्यानं घेतला नाही, आणि गाडी तरी हिसके देतच होती.

गणपतरावांनी शिवी दिली असती तर केरबा सुटला असता. पण तो माणूस बंद गाडी ढकलता-ढकलताही लोकांना सांगायचा, गाडी आमच्या केरबानं पास केलीय, वस्तू अस्सल हाय, जरा नशिबाचा फेरा हाय. आपल्यावर एवढा भरवसा टाकणाऱ्या माणसाचा राग येतो, हे त्याला त्या वर्षी कळलं.

शेवटी गाडी ट्रकवर चढवून पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपात नेली. गणपतराव बाहेर चहाला गेले होते. शिवानी नावाची एक तरुण इंजिनिअर आली. तिनं बॉनेट उघडलं नाही, कान लावला नाही. आत बसून किल्ली अर्धी फिरवली आणि विचारलं, "काका, इंजिनाचा दिवा का लागत नाही?"

कुठला दिवा, असं केरबानं विचारलं. तिनं शांतपणे समजावलं. किल्ली फिरवली की मीटरमधले सगळे दिवे एकदा लागतात आणि मग विझतात; बिघाड असला तर त्याचा दिवा विझत नाही. जो लागतच नाही, तो कुणीतरी काढलेला नाहीतर झाकलेला असतो. तिनं मीटर खोलला. पिवळ्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. मग मशीन जोडलं. गिअरबॉक्सचा बिघाड गाडीनं स्वतःच लिहून ठेवला होता, आधीच्या मालकाच्या वेळेपासून. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता.

"घेतानाच बघायला हवं होतं, काका. दोन सेकंदांचं काम."

तिनं टोमणा मारला नव्हता. म्हणूनच तो लागला. केरबानं तो चिकटपट्टीचा तुकडा खिशात टाकला. गणपतराव चहा पिऊन आले, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की खर्च परवडायचा नाही, विकून टाकू. गाडी भंगाराच्या भावानं गेली.

भाऊबीजेला तो हुपरीला गेला. ओसरीवर पूर्वी बारा जणांची ठोकाठोक चालायची, तिथं आता एक म्हातारा कारागीर कड्या जोडत बसला होता. गणपतराव बाहेर गेले होते. आक्कानं पाटावर बसवलं, ओवाळायला ताट उचललं. केरबाला ते सोसवेना. त्यानं खिशातून तो तुकडा काढून ताटात ठेवला आणि सगळं सांगितलं. दिवा बघितला असता तर गाडी घेतलीच नसती. चूक नशिबाची नाही, माझी.

आक्कानं तो तुकडा उचलून पदराच्या टोकाला बांधला.

"त्यास्नी सांगू नगंस," ती म्हणाली. "त्यास्नी वाटतंय नशीब खोटं निघालं, मेव्हणा खरा हाय. एवढंच ऱ्हायलंय त्यांच्यापाशी. ते बी काढून घिऊ नगंस."

तिनं ओवाळलं. पण कुंकू लावताना नेहमीसारखी ती हसली नाही. तेवढ्यात गणपतराव आले, पाठीमागं चुलतभाऊ हंबीरराव. हंबीररावाला सांगलीत एक जुनी गाडी पसंत पडली होती.

"मी सांगितलंय ह्याला," गणपतराव खूश होऊन म्हणाले, "आमचा केरबा पास करील. आणि ते डिसमिस कानाला लावतोस न्हवं, तेवढं लाव बरं का. माणसाला भरवसा येतो."

केरबानं आक्काकडं बघितलं. ती ताटातली वात सारखी करत होती, मान वर न करता.

"लावतो की दाजी," तो म्हणाला.