चपला काढून दिलेली मुलाखत

आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला कशाला आलात असं विचारत नाहीत. आधी पाणी आणि गूळ, मग चहा. मग पाऊस, भात, रानडुकरांनी केलेली नासाडी आणि बस आज आली की नाही. तासाभराने पाहुणा "येतो मग" म्हणून उठतो, दाराशी जाऊन पायांनी चपला चाचपतो, आणि एक पाय चपलेत, एक उंबऱ्याच्या आत असताना खरं काम सांगतो. मुलीचं लग्न ठरत नाही, बैल विकायचा आहे, वडील जेवत नाहीत, जे काय असेल ते. घरातले लोकही त्याची वाट पाहतच बसलेले असतात.

या कामात माझ्या काकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. काका-काकी कुंभारवाडा गावात आमची शेती बघायचे. आम्ही कर्नाटक-गोवा सीमेजवळच्या रामनगरात, वडिलांचं किराणा दुकान होतं त्याच्या मागे राहायचो. काकी महिन्यातून एकदा पिशवीत कोनफळं घेऊन यायची, दुपारभर बोलायची आणि निघताना उंबऱ्यात अडकायची. बस बाहेर हॉर्न मारतेय, कंडक्टर ओरडतोय, आणि काकी म्हणतेय, "ते ऱ्हायलंच बग सांगायचं."

मी मात्र लहानपणापासून बेळगावला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात. तिथे उलटा कारभार. सिस्टरच्या ऑफिसात गेलं की पहिल्याच वाक्यात काम सांगायचं, थँक्यू म्हणायचं आणि वळून न बघता बाहेर पडायचं. सुट्टीत घरी आले की मला आमची पद्धत लांबण वाटायची, शाळेत गेले की तिथली पद्धत कोरडी वाटायची. दोन्हीकडे गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं.

अशा मुलीने धारवाडला मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि वर क्लिनिकल सायकॉलॉजीला जायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच उलटतपासणी घेतली.

"म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?"

"डॉक्टर नाही, बाबा. औषध नाही द्यायचं. बोलायचं, चाचण्या घ्यायच्या."

"बोलायचं?" ते गिऱ्हाइकाकडे वळले. "ऐकलंत? आमची पोरगी बोलायचं काम करणार हाय."

गिऱ्हाईक इतकं हसलं की साखर सांडली.

त्या वेळी हा अभ्यासक्रम देशात मोजक्याच ठिकाणी होता. मी अर्ज केला तो बंगलोरच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिथे अख्ख्या देशातून अर्ज यायचे आणि एका लहानशा जीपमध्ये मावतील एवढ्याच मुलांना घ्यायचे. आमच्याकडच्या जीपमध्ये, टपासकट, मावतील एवढी नव्हे. अर्ज टपालाने मागवायचा, बँकेचा ड्राफ्ट जोडायचा, गुणपत्रिकांच्या नकलांवर सरकारी अधिकाऱ्याची सही घ्यायची. सहीसाठी आम्ही तालुक्याला, जोयड्याला गेलो. साहेबांनी कागद पाहिले, पेन उचललं आणि मग खाली ठेवलं.

"सायकॉलॉजी काय? मग सांगा बघू, माझ्या मनात काय चाललंय?"

त्यांच्या मनात जेवणाची सुट्टी चालली होती, ते घड्याळाकडे ज्या प्रकारे बघत होते त्यावरून कुणालाही कळलं असतं. मी नुसती हसले. सही मिळाली.

पहिल्या वर्षी लेखी परीक्षा मी पास झाले. ती मला जमायची, तिथे बोलावं लागत नाही. मनोविकारांची लक्षणं, संख्याशास्त्र, शाईच्या डागांच्या चाचणीत कोण काय बघतो, सगळं येत होतं. मग तोंडी परीक्षा. लांब टेबलामागे पाच जण. क्लिनिकल सायकॉलॉजीच का, असं विचारलं. मी वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखं इंग्रजीत सांगितलं की मला मानवजातीची सेवा करायची आहे. "आणखी काही?" मी म्हटलं, नाही. थँक्यू म्हटलं आणि पॉलिश केलेले बूट टॉक टॉक वाजवत वळून न बघता बाहेर पडले. सिस्टरना अभिमान वाटला असता. प्रवेश मिळाला नाही.

"अजून एक डाव," वडील म्हणाले. "न्हाई झालं तर खानापूरला बी.एड. कॉलेज हाय. मास्तरणीलाबी बोलायचंच काम असतंय." ते चिडून बोलले नव्हते, पण त्यांनी ठरवलं होतं. मला बी.एड.ची भीती नव्हती. वर्गात उभं राहून चाळीस जणांशी एकदम बोलायची होती. मला एका वेळी एकाच माणसासमोर बसायचं होतं, आणि ते का, हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा लेखी पास. पुन्हा तोच कॉरिडॉर, तीच बाकं. दिल्लीच्या, मद्रासच्या मुली एकमेकींना झरझर इंग्रजीत प्रश्न विचारत होत्या. मी शेवटच्या बाकावर. बुटांना अपशकुनी ठरवून या वेळी मी बेळगावहून घेतलेले, घोट्याला पट्टा असलेले सँडल घातले होते. माझं नाव पुकारलं. मी दाराशी गेले, वाकले, पट्टे सोडले, सँडल भिंतीशी नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी आत गेले.

हे मी केलं, हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं. पायाला फरशी गार लागली तेव्हा. कॉन्व्हेंटमध्ये इतकी वर्षं काढून ऐन वेळी पाय रामनगरचेच निघाले.

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. प्रश्न आले, उत्तरं दिली. कन्नड येतं का? येतं. मराठी, कोंकणी? हो. पेशंट बोललाच नाही तर काय कराल? पुस्तकात होतं ते सांगितलं. हेच क्षेत्र का? मानवजात मी या वेळी गाळली, पण तिच्या जागी ठेवायला काही मिळालं नाही. मधोमध बसलेल्या पिकल्या केसांच्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

मी दाराशी आले. शिपायाने दार धरून ठेवलं होतं. मी उंबऱ्यातच वाकून सँडल ओढला. पट्टा बसेना. नवा, ताठ पट्टा. मागे पाच जण बघताहेत. एक पाय सँडलमध्ये, एक आत फरशीवर, आणि माझ्या तोंडून शब्द आले, वळूनसुद्धा न बघता.

"माझी काकी एका वर्षी बोलायची बंद झाली होती. सगळ्यांनी तिला देवाला नेलं, बेळगावला डॉक्टरकडे नेलं. मी सुट्टीत घरी आले, तर मला तिच्याशेजारी बसवलं, की ही तरी कुठं बोलते. आम्ही दोघी महिनाभर चिंचा सोलत बसायचो. मला ते काम आवडलं होतं. ते नीट शिकायचं आहे."

मागून त्या बाईंचा आवाज. "आत या. राहू दे तो पट्टा."

मी एका पायात सँडल घालून परत आले.

"तुमच्याकडे असंच सांगतात का? दारात?"

"हो, मॅडम."

"आमचे पेशंटही असंच करतात. पाऊण तास झोपेबद्दल, पोटाबद्दल बोलतात. निघताना दाराच्या कडीला हात लागला की खरं सांगतात." मग म्हणाल्या, "काकींचं पुढे काय झालं?"

"बोलायला लागली. आता थांबत नाही."

टेबलामागे सगळे हसले. मीही, बहुतेक. नंतर त्यांनी आणखी बरंच विचारलं, चिंचा सोलताना काय व्हायचं ते, ती आधी काय बोलली ते. मी सांगत गेले. संध्याकाळी बोर्डावर यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. माझ्यासोबत आलेल्या वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा वाचलं.

घरी आल्यावर आठवडाभरात काकी आली. कोनफळं, चहा, गव्यांनी मोडलेलं कुंपण. निकालाबद्दल एक अक्षर नाही. बस येऊन उभी राहिली तशी ती उठली, दाराशी गेली, एक चप्पल घातली.

"मग? झालं न्हवं तुझं? का तिकडंबी गप बसून आलीस?"

"झालं, काकी." मग मला पुढचंही सांगावं लागलं, कारण तिला न विचारता तिची गोष्ट मी परक्या पाच जणांसमोर ठेवली होती. "तुझं सांगितलं मी तिथं. तू बोलत नव्हतीस ते."

काकीचा दुसरा पाय चपलेवर थांबला. बसने हॉर्न मारला.

"आन् त्याच्यावर घेतलं तुला?"

"थोडं त्याच्यावरबी."

"मग अर्धी सीट माझी हाय की गं!" ती खदखदून हसली. कंडक्टर ओरडला. तिने हात वर करून त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे पाहिलं. हसू गेलं नव्हतं, पण आवाज खाली आला होता.

"शिकलीस की सांग मला, त्या वर्षी मला काय झालं हुतं. देवानं सांगितलं न्हाई, डॉक्टरनं सांगितलं न्हाई. मी कुणाला इचारलंबी न्हाई."

"सांगीन."

"व्हय," ती म्हणाली, दुसरी चप्पल घातली आणि बसकडे पळाली. पिशवी आमच्याकडेच विसरून.