शेवटच्या रांगेतली घागर

चैत्र पौर्णिमा: पत्नीस जेवणानंतर जुलाब, चेहरा लालबुंद. वैशाख अमावास्या: लातूरच्या डॉक्टरांनी आतड्याचा क्षय ठरवून औषधे सुरू केली. ज्येष्ठातला पहिला मंगळवार: दुपारच्या आरतीत चेहरा पुन्हा पेटला, पंचांनी तिच्या अंगात देवी आल्याचे जाहीर करून, ऐन दुष्काळात, तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतले. जबाबदार: डॉक्टर, पंच आणि मी. मी हरकत घेतली नाही. उलट मला अभिमान वाटला.

औषधांनी ती खंगत चालली, तेव्हा मी डॉक्टरांविरुद्ध तक्रारी लिहिल्या. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माझे कागद जुन्या कचेरीतून नव्या कचेरीत आणि तेथून परत फिरत राहिले. मुरुडजवळच्या आमच्या गावी टँकर देवीच्या देवळासमोर उभा राही. पंचांच्या वतीने पाणीवाटपाचा नियम मीच लिहिला होता: प्रथम देवस्थान, मग गाव, शेवटी बौद्धवस्ती. भाषा निर्दोष होती.

ज्येष्ठातल्या शेवटच्या मंगळवारी आरतीत तिचा चेहरा तसाच तापला. लोक पाया पडू लागले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक बाई घागर ठेवून पुढे आली. नांदेडच्या दवाखान्यात ती परिचारिका होती. सुट्टीत माहेरी आली होती.

"काका, हे अंगात येणं न्हाई. जेवल्यावर बी असंच लाल होतं? पोट सुटतं?"

"होय. पण तुम्हाला इथं कोणी पाठवलं?"

"टँकरनं. तुमच्याच नियमानं तासभर उन्हात उभी हाय, म्हणून तर दिसलं. असा चेहरा एकदा वॉर्डात पाहिलाय. उद्या नांदेडला आणा यांना."

तेथे चोवीस तासांची लघवी तपासणीसाठी मुंबईला गेली, मग शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा. लहान आतड्यातला विरळा कर्करोग निघाला; चेहरा लाल होणे आणि जुलाब त्याचेच. यकृतावरही ठिपके होते. आतड्यातली गाठ गेली. सगळे गेलेले नाही, पण हा रोग सावकाश चालतो, असे डॉक्टर म्हणतात. आज ती अर्धी भाकरी खाते आणि माझ्या हस्ताक्षराला हसते.

मला मात्र काही उलगडत नाही. माझा अन्याय नसता, तर ती बाई तेथे थांबलीच नसती. म्हणून अन्याय क्षम्य ठरतो काय? मुळीच नाही. मग कृपा त्याच वाटेने का आली? प्रत्येक अर्जाची पोच मागणारा मी, हा अर्ज पोच न मागता देवळाच्या पायरीवर ठेवतो. नियम मी फाडला आहे. मंगळवारी आरतीनंतर सर्वांसमोर त्या बाईची माफी मागून मी माझे उत्तर देईन. पंचांनीही द्यावे: ती रांग शेवटी का होती?

आणि देवी आई, तूही सर्वांदेखत सांग: त्या दुपारी तू गाभाऱ्यात होतीस, की घागर घेऊन उन्हात?