शाळा निवडताना लेकीने विचारलेला एक प्रश्न

मंडळी, आज आम्ही लेकीसाठी दोन निवासी शाळा पाहून आलो. आमच्या राहुरीजवळच्या गावात शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी प्रणालीचं नाव दोन्हीकडे निवड यादीत लागलंय आणि उद्या एका शाळेला होकार कळवायचाय.

पहिल्या शाळेत सरांनी प्रयोगशाळा, मैदान, निकालाचा फलक, सगळं दाखवलं. शेवटी म्हणाले, "काही शंका?"

प्रणालीने विचारलं, "सर, इथून मधेच शाळा सोडून कोणी गेलं का? का गेलं?"

सर हसले. "आमच्याकडून कोणी जात नाही, बाळा."

दुसऱ्या शाळेत तिने मॅडमना तेच विचारलं. मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं. "गेल्या वर्षी दोघी गेल्या. एकीला घराची फार आठवण यायची. दुसरीला गणित झेपत नव्हतं, ते आमच्या उशिरा लक्षात आलं. चूक आमची होती."

येताना एसटीत हे म्हणाले, "पहिल्या शाळेचा निकाल लई भारी हाय, पोरी."

"व्हय पप्पा. पण मला न्हाई जमलं तर दुसऱ्या शाळेत सांगता तरी येईल."

स्टँडवर उतरल्यावर हे मला म्हणाले, "दुसरीलाच कळव."

मी मात्र अजून विचार करतेय. हा प्रश्न मला का नाही सुचला? हॉस्टेलला राहिलेल्यांनो, तुम्ही असता तर काय विचारलं असतं?