दोन बोटं माया

आत्याच्या तोंडी ‘माया’ हा शब्द दिवसातून दहादा यायचा, पण तो कापडासाठी. ब्लाउज बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. बाई जाड झाली की उसवून तेवढं मोकळं करता येतं. “दोन बोटं माया ठिव गं, भवाने,” ती ओरडायची. मी बोटं लावून ठेवायची.

आई गेली आणि वडिलांनी मंगळवेढ्याला दुसरा संसार थाटला, तेव्हा सहा वर्षांच्या मला हिनंच सोलापुरात आणलं. नवी पेठेच्या मागे एका खोलीत ब्लाउज शिवून एकटी राहणारी बाई. दुसरं कुणीही पुढं आलं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नातेवाईक मला तेच ऐकवतात. पाचवीत तिनं शिवलेला गणवेश मी आठवीपर्यंत घातला. दरवर्षी ती शिवण उसवून तो वाढवायची. विटलेल्या निळ्या कापडाच्या कडेला गडद पट्टा दिसायचा, आणि वर्गातल्या पोरी पट्टे मोजून हसायच्या. त्याचा मला राग नाही. शाळा सुटली नाही माझी, ती तिच्यामुळंच.

राग आहे तो वेणीचा.

बारा वर्षांची असताना मी एका गिऱ्हाइकाचा खण बेतला, आणि माया ठेवायची विसरून थेट खुणेवर कात्री चालवली. ब्लाउज त्या बाईच्या दंडातच अडकला. बाई म्हणाली, “असू दे, ल्हान हाय.” आत्यानं तीच कापडाची कात्री उचलली, माझी वेणी धरली आणि मानेपासून कापली. त्या बाईसमोर. “कापलेलं परत जोडता येत न्हाय, कळू दे हिला. बिनआईची हाय, कोण शिकवणार?” वेणी मलाच चिंध्यांबरोबर झाडून टाकावी लागली.

त्यानंतर केसांना मी कात्री लावू दिलेली नाही. आज ते कमरेखाली आहेत. मशीनवर बसताना अंबाडा घट्ट बांधावा लागतो, उन्हाळ्यात मान उकडून निघते, नहायचं म्हणजे अर्धा रविवार जातो. लोक म्हणतात, काप की थोडे. नाही कापत, जा.

आता आत्या माझ्याच घरी असते. माझ्या हातचं खाते आणि भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवते. मागच्या महिन्यात चुलतबहीण आली होती. म्हणाली, “झालं गेलं सोड की. तिनं केलं म्हणून तर तू उभी हायस.”

“व्हय, तिनंच केलं,” मी म्हणाले. “आन् कापलं बी तिनंच.”

लोकांना दोन्हींतलं एकच चालतं. उपकार मानले की तक्रार गिळा, तक्रार केली की तुम्ही कृतघ्न. मी दोन्ही बोलणार, कुणाच्या बापाला भीत नाही. पण खरं सांगायचं तर मला बहिणीशी भांडायचंच नव्हतं. एकदा, फक्त एकदा, आत्यानं ‘चुकलं माझं’ म्हणावं, एवढंच हवं होतं.

परवा तिचा ब्लाउज आत घ्यायला बसले. फार वाळलीय ती. ती समोरच पलंगावर होती. विचारलंच मी.

“आत्या, माझी वेणी कापलीस, ते चुकलं का न्हाय तुझं?”

तिनं पदरानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. “केस काय, वाढत्यात की.”

“वाढले न्हाईत. मी वाढवले.”

मी शिवण पुरी केली आणि ब्लाउज तिच्या हातात दिला. तिनं सवयीनं तो उलटा केला, आतून अंगठा फिरवला.

“माया बरी ठिवलीस.”

“तुझ्यासारखीच ठिवलीय,” मी म्हणाले. “आत. उसवल्याबिगर दिसत न्हाय.”