खिशातला कंगवा

मिल बंद पडल्यावर आमचे शेजारचे काका शहराबाहेर राऊ गावाच्या रस्त्यावर, खेड्याचा थाट मिरवणाऱ्या नव्या हॉटेलांना गवताची छपरं घालून द्यायला लागले. डोक्यावर एक केस नाही, पण खिशात कंगवा कायम! कशाला, ते तिथल्या एका हॉटेलात जेवायला गेलो तेव्हा कळलं. काका जेवायच्या झोपडीवर चढून गवत विंचरत होते. खाली गिऱ्हाईकं ताटकळलेली. मालक ओरडला, "काकाजी, उतरा आता!"

"रुको ना भिया! भांग न पाडता हिला चार लोकांत बसवू का?"

परवा आम्ही घराची कौलं काढून सिमेंटचा स्लॅब टाकला, तो पाहायला काका आले. त्या गुळगुळीत स्लॅबवरून हात फिरवला, मग स्वतःच्या डोक्यावरून. हळूच म्हणाले, "घाबरू नका भिया. आदत होऊन जाते."