सेवेराच्या कुशीतल्या टाक्या

जानेवारीत पाठीच्या मणक्यातली चकती सरकली, तेव्हापासून सेवेरा कानुल पाण्यात उतरली नव्हती, आणि घरात कुणालाच सुख नव्हतं. ती अंगण दिवसातून तीनदा झाडायची. टांगलेल्या झोळीत आडवी झाली की दोन मिनिटांत उठायची, कोंबड्यांना उगाच हुसकावायची, परसात जाऊन संत्र्याची झाडं बघून यायची.

"म्हातारे, एका जागी बस गं. तुझ्याकडे बघून मला दम लागतोय," तिचा नवरा अबुंदियो टाक्यांत हवा भरायच्या यंत्रापाशी बसून म्हणायचा.

"बसायचं काम तू करतोयस की दोघांचं!"

सव्वीस वर्षं तिने गावच्या सेनोतेत माणसं नेली आणि परत आणली. वरून बघाल तर जंगलातला गोल, निळा डोह. पण त्याच्या पोटात पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा. सेवेराची उंची पाच फुटालाही कमी. पाठीवर दोन पोलादी टाक्या, वर एका नळीने जोडलेल्या, जवळजवळ तिच्याच वजनाच्या. त्या घेऊन ती बत्तीस लाकडी पायऱ्या उतरायची आणि चढायची. गुहेत वाट दाखवणारी दोरी कुठे झिजली, कुठे सुटली, हे बघायचं काम गावसभेने तिच्याकडे दिलं होतं. दोरीची राखणदार म्हणून गावात तिचा शब्द चालायचा.

आता सभेने ठरवलं होतं की राखणदाराने साक्षीदारासमोर दोरीच्या टोकाला हात लावून परत यायचं. रविवारी. नाही जमलं तर काम फिदेन्सियो झुलकडे जाणार. फिदेन्सियो पस्तिशीचा, खांदे दाराच्या चौकटीएवढे.

डॉक्टरांनी पाठीवर काही घ्यायला सक्त मनाई केली होती. मंगळवारी तिची भाची यारेली किनाऱ्यावरून आली. ती तिकडे पाण्याखाली जायला शिकवायची. गाडीतून तिने दोन जोड्या उतरवल्या. एक लहान टाक्यांची, पाठीवर घ्यायची, नेहमीसारखी जोडलेली. दुसरीही तेवढ्याच लहान टाक्यांची, पण अ‍ॅल्युमिनियमच्या, सुट्या, पाण्यात उतरल्यावर दोन्ही कुशींना अडकवायच्या.

"मावशी, तू या कुशीच्या घे. पाठीवर काहीच येत नाही."

"पिल्लांना दूध पाजणारी डुकरीण दिसेन मी."

"बघायला कोण येणार आहे? आंधळे मासे?"

अबुंदियोने मात्र जोडलेल्या टाक्यांवर हात ठेवला. "हे बघ, इथे हवा एक, ती दाखवणारा काटा एक. तिकडे दोन टाक्या, दोन काटे. थोडी यातली ओढायची, थोडी त्यातली. हिला घरात चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही."

सेवेराने पाठीची जोडी उचलली. नवऱ्याचं खरं वाटलं म्हणून नव्हे, सवय म्हणून. उतरली ती झोकात. वर येताना अकराव्या पायरीवर डावा पाय बधिर झाला आणि ती कठड्याला धरून तशीच उभी राहिली. अबुंदियो धावत खाली आला. त्याने टाक्या काढून घेतल्या आणि स्वतः वर नेल्या. ते तिला फार लागलं.

बुधवारी तिने कुशीच्या टाक्या लावल्या. पाण्यात अंग इतकं हलकं झालं की तिला हसू आलं. पण जुनं वळण सुटेना. उजव्या टाकीतून ती ओढतच राहिली; ती हलकी होऊन शेपटी वर करू लागली, डावी भरलेली खाली ओढू लागली, आणि सेवेरा बैलगाडीचं एक चाक निखळावं तशी कलंडली. तळाचा गाळ उठला. यारेलीने तिला हाताला धरून बाहेर काढलं.

शुक्रवारी शेजारणी तिच्या स्वयंपाकघरात डोकावून गेल्या, कारण असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तीन दगडांच्या चुलीशी सेवेरा मक्याच्या पातळ भाकऱ्या, तोर्तिया, भाजत बसली होती, दोन्ही मांड्यांशी एकेक टाकी, तोंडात नळी. बारा तोर्तिया झाल्या की ती उजवी नळी काढून डावी तोंडात धरायची. आणखी बारा, की परत उजवी.

"धूर लागत नसेल गं सेवेरा तुला! आमच्यासाठी पण मागव एक!"

उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं. तिने पिठाचा गोळा उगारला, तशा त्या हसत पळाल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पुरतील एवढ्या तोर्तिया झाल्या, आणि हात आपोआप नळीकडे जायला लागला.

रविवारी तिने डोहाच्या काठावर मक्याच्या पांढऱ्या पेयाची वाटी ठेवली, पाण्याच्या धन्यांची परवानगी मागितली. फिदेन्सियोनेही टोपी काढली. साक्षीदार तोच होता.

"सेवेराबाई, घाई करू नका. मी मागेच आहे."

"तू मागे आहेस, म्हणूनच घाई होते."

आत सगळं नीट चाललं. उजवी, डावी, उजवी. दोन्ही काटे बरोबरीने उतरत होते. पण बरेच दिवस कोरडी राहिलेली छाती भराभर हवा ओढत होती, मागच्या माणसाचा दिवा पाठीवर टोचत होता. दोरीचं टोक तीस-चाळीस हातांवर असेल, तेव्हा तिने काटे पाहिले. हवेच्या तीन हिश्शांतला एक संपला होता. एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडीनडीला. हा नियम तिनेच अर्ध्या गावाला शिकवला होता. पुढे चुनखडीच्या पांढऱ्या खांबांमागे टोकाची गाठ बांधलेला दगड दिसत होता. तिने बोट फिरवून परतीची खूण केली. फिदेन्सियो क्षणभर तसाच तरंगत राहिला, मग वळला.

सभेत तिने उठून सांगितलं, "हात लावला नाही. जायच्या वाट्याची हवा संपली, वळले."

"मग निकाल लागला," कुणीतरी म्हणालं.

"निकाल कसला?" फिदेन्सियो चिडूनच उठला. "दगड समोर होता. माझ्यासारखा असता तर नियम मोडून गेला असता पुढे. आणखी एक रविवार द्या बाईंना."

सभेने दिला. घरी सेवेरा तासभर अंगणात येरझारा घालत राहिली.

"हवा कमी पडली," ती म्हणाली.

"टाक्याच लहान," अबुंदियो म्हणाला. "मोठ्या तुला झेपत नाहीत."

ती थबकली. "कुणाला झेपायच्या आहेत? मला कुठे उचलायच्या आहेत त्या? पाठीवर घ्यायच्या असल्यासारख्या लहान निवडल्या आपण. मूर्खासारख्या. तू एकेक दोराने पाण्यात सोड, मी पाण्यात अडकवते. मधल्या मापाच्या आण."

"म्हणजे पाठ माझी मोडायची!"

"तुझ्या पाठीने सव्वीस वर्षांत केलंय काय?"

पुढच्या रविवारी मधल्या मापाच्या दोन टाक्या दोराने खाली गेल्या. अबुंदियो प्रत्येकीला शिव्या घालत होता. सेवेरा खांबांजवळ पोचली, तेव्हा काट्यांवर अजून पुरेशी हवा होती. तिने दगडावर तळवा टेकला, गाठ चाचपली. गाठ सैल झाली होती. मागे फिदेन्सियो परतीची खूण करत होता. तिने त्याला हातानेच थांबवलं, नळी बदलली आणि आधी गाठ घट्ट करायला घेतली.